तिवर मारायला कुऱ्हाड लागत नाही

ठाण्याहून घोडबंदर रोडला लागलं की डाव्या हाताला येऊरचा डोंगर असतो आणि उजव्या हाताला, टॉवरांच्या रांगांमागे, उल्हास नदीची खाडी. बराच वेळ ती दिसतच नाही. गायमुखापाशी रस्ता तिला जाऊन भिडतो, तेव्हा कुठे तिचं रुंद, मातकट पाणी नजरेस पडतं. बाळकुम, कोलशेत, वाघबीळ ही जुनी गावं याच खाडीच्या आधाराने वसली. वस्ती आणि पाणी यांच्यामधला जो हिरवा पट्टा अजून शिल्लक आहे, तो मुख्यतः तिवरांचा.

या पट्ट्याकडे बघण्याच्या दोन तऱ्हा शहरात आहेत. पहिली म्हणते, ही पडीक दलदल आहे, भराव टाकून कामी आणावी. असं आता उघडपणे फारसं कोणी बोलत नाही. दुसरी तऱ्हा मात्र शिकलेल्या, निसर्गाची आस्था असलेल्या माणसांच्याही तोंडी असते: तिवर हे चिवट झाड आहे, खाऱ्या पाण्यात नि चिखलातही वाढतं, तेव्हा रस्त्यासाठी काही तोडावी लागली तर तोडावीत आणि त्यांच्या कितीतरी पट दुसरीकडे लावावीत. मला ही दुसरी समजूत पहिलीपेक्षा घातक वाटते. ती विज्ञानाच्या भाषेत बोलते आणि विज्ञानाच्याच विरुद्ध जाते. तिवर खाऱ्या चिखलात जगतं ते क्षणोक्षणी किंमत मोजून. ही किंमत कुठे आणि कशी मोजली जाते, हे समजून घ्यायचं तर त्याच्या मुळातल्या पेशीपटलापर्यंत जावं लागतं. रेणू पेशीच्या आत-बाहेर कसे जातात, हा शाळेतल्या जीवशास्त्राचा धडा आहे. माझं म्हणणं असं की ठाण्याच्या खाडीकिनाऱ्याचं नियोजन या धड्यावाचून करताच येणार नाही.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. घोडबंदरच्या खाडीत पावसाळ्यात उल्हास नदीचं गोडं पाणी हा खारेपणा उतरवतं, उन्हाळ्यात तो पुन्हा चढतो. दोन बाजूंना क्षारांचं प्रमाण वेगळं असलं आणि मधे फक्त पाण्याला वाट देणारं पटल असलं, तर पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे सरकतं. हेच परासरण. आंब्याच्या किंवा पिंपळाच्या रोपाच्या मुळाशी समुद्राचं पाणी घातलं तर मुळात पाणी शिरण्याऐवजी मुळातलंच पाणी बाहेर जातं आणि रोप ओल्या मातीत तहानेने मरतं. समुद्राच्या पाण्यातून गोडं पाणी ओढून घ्यायचं असेल, तर सुमारे २५ वातावरणांइतक्या दाबावर मात करावी लागते. त्यात दुसरं संकट सोडियमचं. पेशीतली अनेक विकरं पोटॅशियमच्या साथीने काम करतात. सोडियम आत साचला की तो पोटॅशियमच्या जागा अडवतो आणि कामं बिघडतात. म्हणजे झाडाला एकाच वेळी पाणी आत घ्यायचं असतं आणि त्यात विरघळलेलं मीठ बाहेर ठेवायचं असतं. हे काम ज्या पापुद्र्यावर येऊन पडतं, त्याची जाडी सुमारे पाच नॅनोमीटर असते. एका मिलिमीटरचे दोन लाख भाग केले तर त्यातला एक.

या पापुद्र्याचं स्वरूप उलगडायला माणसाला पाऊण शतकाहून जास्त काळ लागला. झुरिकमध्ये अर्न्स्ट ओव्हर्टनने १८९० च्या दशकात शेकडो पदार्थ जिवंत पेशींवर तपासले आणि एक साधा नियम मांडला: जो पदार्थ तेलात सहज विरघळतो, तो पेशीतही सहज शिरतो. त्यावरून पटल मेदाचं असावं, हा तर्क निघाला. १९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींमधला मेद काढून पाण्यावर पसरला, तेव्हा त्याने त्या पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट जागा व्यापली. पटल मेदरेणूंच्या दोन थरांचं आहे, असा अर्थ त्यांनी लावला. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी हे चित्र पुढे नेलं. हे दोन थर घट्ट गोठलेले नसतात, ते प्रवाही असतात, आणि त्यांत जागोजाग प्रथिनं रुतलेली असतात.

या रचनेमुळे रेणूंना तीन प्रकारच्या वाटा मिळतात. पहिली वाट थेट मेदाच्या थरातून. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि तेलात मिसळणारे पदार्थ या वाटेने बिनदिक्कत जातात. विद्युतभारित आयनांना ती जवळजवळ बंद असते. पाण्याच्या रेणूच्या तुलनेत सोडियमचा आयन मेदाच्या थरातून अब्जावधी पटींनी हळू झिरपतो. दुसरी वाट प्रथिनांनी केलेल्या नळ्यांची. पाण्यासाठी अशी खास नळी असते, हे अमेरिकेतल्या पीटर अॅग्री यांनी १९९२ मध्ये दाखवलं आणि त्यासाठी त्यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अॅक्वापोरिन नावाच्या या नळीतून पाण्याचे रेणू एकामागोमाग एक असे सेकंदाला सुमारे ३०० कोटी जातात, आणि तरीही तिच्यातून मीठ जात नाही. या दोन्ही वाटा उताराच्या आहेत. जिथे जास्त, तिथून जिथे कमी तिकडे.

तिसरी वाट चढाची. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करताना असं एक विकर शोधलं, जे पेशीचं इंधन खर्च करून सोडियम बाहेर फेकतं. या इंधनाचा, म्हणजे एटीपीचा, एक रेणू खर्ची पडतो, तेव्हा तीन सोडियम बाहेर जातात आणि दोन पोटॅशियम आत येतात. त्यांना १९९७ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला. झाडांमध्ये हा नेमका पंप नसतो. त्यांचा पंप हायड्रोजनचे आयन बाहेर टाकतो, आणि ते आयन परत आत येताना त्यांच्या बदल्यात सोडियम बाहेर काढला जातो किंवा पेशीतल्या रिक्तिकेत कोंडला जातो. तपशील वेगळा, तत्त्व तेच. चढावर जायचं तर इंधन जाळावं लागतं. जिवंत पेशी आणि मेलेली पेशी यांत हाच फरक आहे. जिवंत पेशीच्या आतलं आणि बाहेरचं सारखं नसतं, आणि ते सारखं होऊ नये म्हणून ती सतत खर्च करत असते.

आता तिवराकडे वळू. खाऱ्या पाण्यातली ही झाडं, म्हणजे खारफुटी, मिठाशी कशी वागतात, याचा सर्वांत सुंदर अभ्यास पेर स्कोलंडर या नॉर्वेजियन वंशाच्या शास्त्रज्ञाने केला. १९६५ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाबपात्राची पद्धत वापरून खाऱ्या पाण्यातल्या वनस्पतींच्या फांद्यांमधला ताण मोजला. फांदी तोडून पात्रात बसवायची, छेद बाहेर ठेवायचा, आत वायूचा दाब वाढवत न्यायचा आणि छेदावर पाणी कधी डोकावतं ते पाहायचं. खारफुटीच्या फांद्यांमधलं पाणी ३० ते ६० वातावरणांइतक्या ताणाखाली असल्याचं त्यांना आढळलं. समुद्राच्या २५ वातावरणांवर मात करण्याची ताकद ती झाडं इथून मिळवतात. पानांतून पाण्याची वाफ होते, पाण्याचा स्तंभ वर ओढला जातो, आणि त्या ओढीने मूळ चिखलातलं पाणी गाळून घेतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्रात विजेचा पंप पाणी पटलावर ढकलतो. इथे ऊन तेच पाणी दुसऱ्या बाजूने ओढतं. समुद्राचं पाणी गोडं करणारे मोठे कारखाने हजार लिटरमागे साधारण तीन ते चार युनिट वीज घेतात. तिवर ते काम उन्हावर करतं.

आणि गाळतंही किती कसोशीने! कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या खोडातून वर चढणारं पाणी जवळजवळ गोडं असतं. तिवर मुळाशीच ९० टक्क्यांच्या आसपास मीठ अडवतं आणि निसटून आलेलं पानांवरच्या क्षारग्रंथींतून बाहेर टाकतं. उन्हाच्या वेळी तिवराच्या पानाला जीभ लावून पाहा, खारट लागेल. काजळा आणि मारांडी या खारफुटींच्या पानांवरही अशाच ग्रंथी असतात. तिवराच्याच कुळातल्या एका जातीवर सिंगापूरच्या संशोधकांनी केलेल्या कामात असं दिसलं की या ग्रंथींमध्येही अॅक्वापोरिन असतात. मीठ बाहेर टाकताना त्यासोबत निघालेलं पाणी शक्य तितकं परत घ्यायची ती सोय असावी, असं त्यांचं म्हणणं. पाण्याचा थेंबही वाया न घालवणारं झाड भरतीच्या पाण्यात उभं असतं.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण तो स्कोलंडरच्याच कामातून येतो. १९६८ मध्ये त्याने खारफुटीच्या रोपांचे शेंडे कापले, मुळांवर दाब दिला, मुळं थंड केली, श्वसन रोखणारी विषं दिली. तरीही मुळांतून वर आलेलं पाणी कमी खारटच राहिलं. मीठ अडवण्याचं ते काम त्या वेळी इंधनावर चाललेलं नव्हतं, ते निव्वळ गाळण होतं. मग कोणी म्हणेल, गाळणी आयती आहे, ऊन फुकट आहे, झाड कसली किंमत मोजतं?

उत्तर असं की गाळणी आयती नसते. मुळाच्या आतल्या पेशींभोवती जो मेणचट अडसर असतो, तो त्याच पेशी बांधतात; खारेपणा वाढला तर जाड करतात. प्रत्येक पटलातून थोडा का होईना सोडियम आत झिरपतोच, आणि तो दिवसेंदिवस साचू द्यायचा नसेल तर पंप चालूच ठेवावे लागतात. पानांतल्या पेशींना इतक्या ताणाखाली पाणी धरून ठेवायचं असतं, त्यासाठी त्या सोडियम रिक्तिकेत कोंडतात आणि पेशीद्रवात बीटेनसारखी निरुपद्रवी द्रव्यं स्वतः तयार करून भरतात. त्यांतला नत्र चिखलातून मिळवावा लागतो, आणि नत्राची तर तिथे चणचण. काही तासांच्या प्रयोगात विष दिलेली गाळणी टिकते. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या झाडाची गाळणी तिच्या पेशी जिवंत असेपर्यंतच टिकते. पेशी मेली की पटल फाटतं आणि निवड संपते. स्कोलंडरच्या प्रयोगाने माझा मुद्दा कमजोर होत नाही, उलट नेमका होतो. मुळाच्या पेशी कशाने मरतात, हा खरा प्रश्न आहे.

खाडीच्या चिखलात दोन-चार मिलिमीटरखाली ऑक्सिजन उरत नाही. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. खाडीला कुजक्या अंड्यांचा वास येतो तो त्याचाच. मुळाच्या पेशींना श्वसन तर करायचंच असतं. म्हणून तिवर चिखलातून वर बोटभर, वीतभर उंचीची श्वसनमुळं काढतं. ओहोटीच्या वेळी त्यांच्यावरच्या छिद्रांतून हवा आत जाते आणि पोकळ ऊतकांमधून खालच्या मुळांपर्यंत पोचते. हेही स्कोलंडरनेच १९५५ मध्ये दाखवलं होतं. कांदळाच्या एका अमेरिकन भाऊबंदाच्या मुळांवरची ही छिद्रं त्याने ग्रीसने बुजवली, आणि काही दिवसांतच मुळांमधला ऑक्सिजन जवळजवळ संपला.

आता या छिद्रांवर बांधकामाचा राडारोडा पडला, तर पुढे काय होतं ते पावलापावलाने पाहू. छिद्रं बुजतात. खालच्या मुळांत ऑक्सिजन पोचत नाही. एटीपी तयार होत नाही. पंप मंदावतात, सोडियम साचू लागतो. निरोगी मूळ स्वतःभोवती थोडा ऑक्सिजन झिरपू देतं आणि त्यामुळे जवळचं सल्फाइड निष्प्रभ होतं. तेही आता थांबतं. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू लहान आहे, भाररहित आहे, मेदात विरघळतो. ओव्हर्टनच्या नियमानुसार त्याच्यापुढे पटलाचं काहीच चालत नाही. मिठाला कोट्यवधी वर्षं अडवत आलेला पापुद्रा त्याला सरळ आत येऊ देतो, आणि आत शिरल्यावर ते पेशीची श्वसनयंत्रणाच बंद पाडतं. पेशी मरतात, पटलं फाटतात, गाळणी संपते. पानं पिवळी पडून गळायला काही महिने लागतात. तोवर ट्रक केव्हाच निघून गेलेला असतो, आणि पंचनाम्यात तोडलेल्या झाडाचा एकही बुंधा सापडत नाही.

कुऱ्हाडीवाचून मारण्याची दुसरी रीत बांधाची आहे. तिच्यात एकही दगड झाडावर पडत नाही. मूळ पाणी घेतं आणि मीठ मागे ठेवतं. हे मागे राहिलेलं मीठ कुठे जातं? ते मुळाभोवतीच्या चिखलात साचतं. आरओ यंत्रातून जसं क्षारांचं पाणी वेगळं वाहून जावं लागतं, तसंच इथेही कुणीतरी ते धुऊन न्यावं लागतं, आणि ते काम भरती-ओहोटी करते. खेकड्यांची बिळं तिला या कामी मोठी मदत करतात; भरतीचं पाणी बिळांतून चिखलात खोलवर उतरतं आणि ओहोटीला साचलेलं मीठ घेऊन बाहेर येतं. एखाद्या कच्च्या रस्त्याने, भरावाने किंवा बुजलेल्या मोरीने भरतीचं पाणी अडलं की आतला चिखल उन्हात तापत राहतो, पाण्याची वाफ होते, मीठ तिथेच राहतं. खारेपणा समुद्राच्या दुप्पट झाला तर परासरणाचा विरोधही दुप्पट होतो. झाड जास्त ओढ लावतं, एका मर्यादेपर्यंत. त्या मर्यादेपलीकडे पाण्याचा स्तंभ तुटतो. कोकणात खारबंदिस्ती बांधणाऱ्या शेतकऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: खाजणात भातशेती करायची तर आधी भरती रोखायची, तिवरं आपोआप मागे हटतात. शेतकऱ्याने उघडपणे, पोटासाठी केलेलं हे काम आज एखादा भराव गुपचूप करतो.

तिसरी रीत तेलाची. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि एमव्ही खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली आणि सांडलेलं तेल किनाऱ्यावरच्या खारफुटीपर्यंत पोचलं. तेल श्वसनमुळांची छिद्रं बुजवतं, शिवाय त्यातले हलके घटक पटलाच्या मेदातच विरघळतात आणि पटल गळकं करतात. पण तेल फक्त अपघातातूनच येतं असं नाही. उल्हास आणि वालधुनी नद्यांकाठी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवलीचा औद्योगिक पट्टा आहे. तिथून जे काही पाण्यात सुटतं ते घोडबंदरच्या खाडीत येतं. ज्या उल्हास नदीचं पाणी शहाडजवळ उपसून ठाण्याच्या नळांना दिलं जातं, तीच पुढे ही खाडी होते. मेदात विरघळणारी रसायनं पेशीला परकी असतात. पटलाच्या मेदातून शिरताना त्यांना अडवणारा पहारा जवळपास नाहीच. क्षारांशी झुंजायला तिवर तयार आहे. या पदार्थांशी झुंजायला तयार झालेलं नाही, आणि होणारही नाही, कारण पटलाचा कच्चा मालच मेद आहे.

पटलाचं एखादं दार नीट ओळखलं की धोरण बदलतं, याचं मोठं उदाहरण वैद्यकात आहे. पटकीच्या रुग्णाचं आतडं पाणी सोडत सुटतं, त्याला तोंडाने पाणी देऊन उपयोग नाही, शिरेतून सलाइनच हवं, असा एकेकाळचा समज होता. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी प्राग येथे मांडलं की आतड्याच्या पेशीपटलावर एक असं प्रथिन आहे, जे ग्लुकोज आणि सोडियम यांना एकत्रच आत घेतं. पटकीचं विष हे दार बंद करू शकत नाही. म्हणजे मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात एकत्र दिली तर दोन्ही आत जातील आणि त्यांच्यामागून पाणीही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर हेच पाणी नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांच्या खाली आलं. आज खेडोपाडी मिळणारी ओआरएसची पुडी त्याच समजुतीतून आली. आतड्यातलं ते दार तेव्हाही होतं, आधीही होतं. ते आपल्याला दिसलं, एवढाच फरक, आणि त्या एका फरकाने लाखो मुलं वाचली. मला खाडीच्या बाबतीत हाच फरक हवा आहे.

कायदा कमी पडलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्येच कांदळवनांत, म्हणजे खारफुटीच्या जंगलांत, राडारोडा टाकायला मनाई केली आणि त्यांच्याभोवती ५० मीटरपर्यंत बांधकाम थांबवायला सांगितलं. सप्टेंबर २०१८ च्या निकालात तर न्यायालयाने कांदळवनं नष्ट करणं हे संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कावरचं आक्रमण मानलं. राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापला, २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०२२ मध्ये रामसर स्थळ झाला. ही सगळी कामगिरी खरी आहे आणि तिच्यामागे अनेकांचे कष्ट आहेत. अडचण आपल्या हिशोबाच्या एककात आहे. आपण झाडं मोजतो आणि हेक्टर मोजतो. डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार कांदळवृक्ष तोडायला परवानगी मिळाली तेव्हाही चर्चा आकड्यांचीच झाली: किती जाणार, किती लावणार. मुळाशी पाणी कसं फिरणार, हे फार थोड्यांनी विचारलं.

कोणी म्हणेल, आकडे तर चांगलेच आहेत. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांनुसार महाराष्ट्रातलं कांदळवनांचं क्षेत्र २०१७ मध्ये ३०४ चौरस किलोमीटर होतं, ते २०१९ मध्ये ३२० आणि २०२१ मध्ये ३२४ झालं. ही वाढ आनंदाची आहे. पण उपग्रहाला हिरवा रंग दिसतो; मुळातला ऑक्सिजन आणि चिखलातला खारेपणा दिसत नाही. शिवाय ठाण्याच्या आसपास हा हिरवा रंग बहुतांशी एकट्या तिवराचा आहे, कारण गाळ आणि घाण सोसण्यात ते इतरांपेक्षा सरस आहे. मीठ अडवण्याच्या, टाकण्याच्या, साठवण्याच्या ज्या निरनिराळ्या तऱ्हा निरनिराळ्या जातींनी शोधल्या, त्यांपैकी एकीवरच सारा किनारा उभा राहिला, तर उद्या तिच्या मर्यादेपलीकडचं काही घडताच मागे कोणीच नसेल.

आणि लावलेली रोपं? फिलिपिन्सने दशकानुदशकं कोट्यवधी रोपं लावली. बऱ्याच ठिकाणी त्यांतली दहा-वीस टक्केच जगली. ती भरतीच्या चुकीच्या पातळीवर, सतत पाण्याखाली राहणाऱ्या उघड्या चिखलात लावली गेली, हे त्याचं एक मोठं कारण. मुळाला हवा मिळाली नाही. उलट फ्लोरिडात रॉबिन लुईस यांनी वेस्ट लेक परिसरात आधी जमिनीची उंची आणि पाण्याचे प्रवाह पूर्ववत केले. मग खारफुटीचं बी भरतीबरोबर स्वतःच आलं आणि रुजलं. प्रवाह आधी, रोप नंतर. पटलाचं शास्त्र नेमकं हेच सांगतं.

घोडबंदर रोडवर रोज अडकून पडणाऱ्या माणसांच्या हालांविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे. मेट्रो हवी, रस्ते हवेत, बाळकुम ते गायमुख असा खाडीकाठचा मार्गही लोकांनी मागितला तर त्यात गैर नाही. पण मार्ग खांबांवर उभा राहतो की भरावावर, हा फक्त खर्चाचा प्रश्न म्हणून सोडवता येणार नाही. खांबांखालून भरती जाते, भरावामागे ती थांबते, आणि भरती थांबली की आतलं प्रत्येक झाड न तोडताही तोडल्यासारखंच आहे. पर्यावरणाच्या अहवालात तोडायच्या झाडांची संख्या असते. रस्त्याच्या आतल्या बाजूला अडकून हळूहळू मरणाऱ्यांची संख्याही तिथे असली पाहिजे.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. खाडीकाठच्या प्रत्येक प्रकल्पाने काम सुरू होण्याआधी आणि नंतर, दोन्ही बाजूंना, भरतीची पातळी आणि चिखलातल्या पाण्याचा खारेपणा मोजावा आणि तो लोकांना पाहता येईल असा ठेवावा. महापालिकेने मोऱ्या फक्त पावसाच्या पाण्याच्या हिशोबाने न बांधता भरतीच्याही हिशोबाने बांधाव्यात आणि साफ ठेवाव्यात. राडारोडा पडला असेल तिथे नवी रोपं लावण्याआधी तो उचलावा. गुदमरलेल्या मुळांना वेळेत हवा मिळाली तर ती वाचू शकतात, कितीतरी पट रोपांनी ती परत येत नाहीत. नदीत सुटणाऱ्या सांडपाण्याच्या तपासणीत मेदात विरघळणाऱ्या रसायनांकडे वेगळं लक्ष द्यावं. यांपैकी एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. मोजमापाची साधनं महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मिळण्यासारखी आहेत, आणि ती हाताळायला शिकलेली मुलं याच रोडवरच्या इमारतींत राहतात. त्यांना हा धडा पाठ असतोच, फक्त तो आपल्या दारच्या खाडीला लागू होतो हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

झाडाची निवड करण्याची ताकद पाच नॅनोमीटरच्या पापुद्र्यात आहे. तो पापुद्रा टिकवायला दोन गोष्टी तर लागतातच: मुळाशी येणारी-जाणारी भरती आणि मुळापर्यंत पोचणारी हवा. खाडीकाठच्या कोणत्याही कामाच्या कागदपत्रांत या दोन गोष्टींची नोंद नसेल, तर त्यात कितीही रोपांचं आश्वासन असलं तरी ते काम कांदळवन मारणारं आहे असंच धरावं, आणि त्याला परवानगी देऊ नये.